लॉगचा बंदोबस्त

संगणकातलं मला काही शिकवेल असं आमच्या घरात कुणी नाही. हे मी नम्रपणे सांगतोय. व्हर्च्युअल मशीनचा लॉग कसा बंद करायचा, हे मी चहा निवायच्या आत शोधून काढलं!

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक. बायको इमारतींचे नकाशे काढते. तिचं जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना, म्हणून ते या पोटात बसवलेलं. ती बाहेर गेली की त्याच पोटात मीही थोडं खाजगी काम उरकायचो. पण मशीन लॉग लिहितं, म्हणजे रोजनिशीच म्हणा ना. चोराच्या मनात चांदणं! मी सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली, जुने लॉग पुसले आणि कॉलर ताठ करून हिंडू लागलो. आता माझं गुपित ब्रह्मदेवालाही कळणार नव्हतं.

परवा सकाळी मशीन उघडेना. आत एका वाचनालयाचा नकाशा होता. दुपारपर्यंत तो गेला नाही, तर बायकोचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. तिचा चेहरा पाहून मी ताठ कॉलर हळूच खाली केली.

तिने तंत्रज्ञाला फोन लावून स्पीकरवर टाकला. शेजारीच सासूबाई भाजी निवडत होत्या.

"मॅडम, लॉगची फाइल पाठवा. लगेच सांगतो."

"फाइलच दिसत नाहीये."

"मग कुणीतरी बंद केलाय लॉग. आणि सफाईने केलाय हां."

"मी केला," मी म्हणालो. अशा वेळी गप्प बसावं, हे मला कळतं. पण कौतुक वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही.

"वा. मग साहेब, आता तुम्हीच लॉग. आत काय काय केलंत ते सांगा. काही गाळू नका."

"किरकोळच. व्हिडिओ."

"कुणाचे?" हे तंत्रज्ञाने नाही, बायकोने विचारलं.

"माझेच."

"स्वतःलाच चोरून बघता होय, जावईबापू?" सासूबाईंनी भाजी बाजूला ठेवली.

बायकोच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मी अब्रूवर पाणी सोडलं.

"डोक्यावर केस असते तर आपण कसे दिसलो असतो, ते दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. डावा भांग, उजवा भांग, कुरळे, खांद्यापर्यंत. मान वळवून बघायची, म्हणून व्हिडिओ."

फोनवर कुणीतरी खोकल्यासारखं केलं.

"बरेच आहेत का, साहेब?"

"केस वाढत गेले."

"मग डिस्क भरली असणार. बाहेरच्या संगणकावर थोडी जागा मोकळी करा, मशीन उघडेल."

उघडलं. नकाशा सुखरूप होता, तो वेळेत गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मायलेकींनी माझे व्हिडिओ पुसायला घेतले, पण एकेक नीट बघूनच.

"हा कुरळ्यांचा राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या, "यात जरा हुशार दिसतात."

तंत्रज्ञ अजून फोनवरच होता. निदान त्याच्यापुढे तरी शान राखावी म्हणून मी म्हणालो, "पण लॉग चालू असता, तर हे सगळं मी न सांगताच तुम्ही वाचलं असतंत. खरं ना?"

"छे हो साहेब. तुम्ही आत काय बघता ते लॉगला कुठे कळतं? डिस्कवर जागा नाही, एवढी एक ओळ आली असती. ती वाचून मी मॅडमना जागा करायला सांगितलं असतं आणि फोन ठेवला असता."