हुजुरांचा पंखा आणि राणीसाहेबांची फिरकी

श्रीगजवदनास नमन, मेघोदरी वसणाऱ्या विद्युल्लतेस नमन, आणि ऐकणारांच्या धीरास त्रिवार नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, वैशाखमासी एके राज्यी जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐशी सक्त ताकीद आहे, सबब लिहीत नाही.

त्या राज्यी धैर्यराव महाराज सिंहासनी होते. महाराज थोर पराक्रमी, देहाने विशाळ, आणि घामापुढे मात्र हतबल. राणीसाहेब मंजुळाबाई अंगाने किडकिडीत, बुद्धीने तीक्ष्ण, आणि वाऱ्यास कातर. महाली बॅटरीवर चालणारा एक पंखा होता, त्यास दोनच गोष्टी ठाऊक, एक तुफान आणि दुसरी समाधी. भोजनोत्तर महाराज पंखा लाविते जाहले, मग राणीसाहेब शिंकत्या जाहल्या, आणि उठोन पंखा बंद करित्या जाहल्या, मग महाराज निथळोन पुनः लाविते जाहले, आणि ऐसे होता होता शिंकेवरून शब्द आणि शब्दावरून रण माजले. महाराज बोलिले, "वारा सोसवत नसेल तर माहेरी जावे!" राणीसाहेब बोलिल्या, "जाते की! पण आमचे आबासाहेब न्यायला एकटे यायचे नाहीत, हे ध्यानात असू द्यावे." आणि तत्काळ जासूद रवाना केला.

आबासाहेब म्हणजे शेजारील गडाचे धनी जगजीवनराव, कोपले असता कोणाचे न ऐकणारे. कन्येस हाकलिले ऐसे कानी पडताच पाचशे स्वार घेऊन निघाले. ही खबर येताच महाराजांच्या हातचा विडा गळाला, आणि वीजखान्याचे दरोगे विसोपंत घैसास यांस पाचारण जाहले. महाराज बोलिले, "पंत, पंखा मध्यम करा, नाहीतर सासरे आम्हांस मध्यम करतील!"

मग पंतांनी बॅटरी आणि पंखा यांमध्ये तारेचे वेटोळे घालोन विजेची वाट अडविली. पंखा मंद जाहला खरा, परंतु अडलेली वीज वेटोळ्यातच जळो लागली, आणि वेटोळे निखाऱ्यासारखे लाल जाहले, आणि मग पडदा धुमसला. महाराज गर्जले, "पंत, हा पंखा केला की शेगडी?" राणीसाहेब शेजारील दालनी पेटारे भरीत होत्या, त्या लुगड्याची घडी हाती घेऊनच आल्या आणि बोलिल्या, "पंत, वीज अडवू नका. द्यायची तर पूर्ण द्या, तोडायची तर पूर्ण तोडा, पण झपाझप. कुंभार चाकाला दांडक्याने फिरवतो आणि दांडके काढून घेतो, म्हणून चाक लगेच थांबते का?" पंतांनी कपाळी हात मारिला. बोलिले, "बाईसाहेब, हे आम्ही शिकलो होतो हो! पण परीक्षेपुरते."

मग शिलेदार खंडोजी बारगे यांस बटणापाशी बसविले आणि आज्ञा जाहली की दाबावे, सोडावे, दाबावे, सोडावे. खंडोजींनी शर्थ केली, परंतु मनुष्याचा अंगठा तो किती धावणार? वारा उचकी लागल्यागत येऊ लागला, आणि अंगठा सुजोन वांग्याएवढा जाहला. मग पंतांनी टायमरची चिमुकली चकती आणोन तिजकडे ताल धरण्याचे काम सोपविले, आणि विजेचे दार उघडण्यामिटण्यास ट्रान्झिस्टर नेमिला, आणि बोटांनी वळवावयाची एक फिरकी बसविली, की दहा भागांत तीन भाग वीज हवी तर तीन, आठ हवी तर आठ, बाकीचे भाग दार बंद. दार एकतर सताड उघडे, नाहीतर घट्ट मिटलेले, सबब फुकट जळणे जवळजवळ राहिले नाही. पहिला ट्रान्झिस्टर पंख्यातील मोटारीने दिधलेल्या उलट्या झटक्याने धारातीर्थी पडला, मग दुसऱ्याच्या रक्षणार्थ मोटारीपाशी तो झटका आपल्या अंगावर घेणारा डायोड उभा केला. तों त्या तालाने पंखा किणकिणत गाऊ लागला आणि दरबारी गवई रुसले, मग पंतांनी ताल इतका जलद केला की तो मनुष्याच्या कानास पोहोचेनासा जाहला.

इतक्यात जगजीवनराव तलवार उपसोन महाली शिरले. "मंजुळे, तुला कोणी हाकलले?" राणीसाहेबांनी त्यांस बसविले आणि फिरकी किंचित वळविली. मंद झुळूक आली. आबासाहेबांनी पगडी उतरिली, मग डोळे मिटले. "कोणी नाही आबा. उकडत होते, म्हणून बोलाचाली झाली." "मग खाली पाचशे स्वार उभे आहेत, त्यांना काय सांगू?" "पानावर बसा म्हणावे."

ऐसे रण टळले. परंतु आठवड्यात महाराज फिरकी आठावर नेऊ लागले, आणि राणीसाहेब तीनावर आणू लागल्या, आणि भांडण पुनः उभे राहिले. तेव्हां महाराजांस त्यांच्या पलंगाशी स्वतंत्र फिरकी द्यावी ऐसे ठरले, पितळेची, सिंहमुखी, भारदस्त. पंतांनी हळूच पुसिले, "बाईसाहेब, हिची तार कोठे जोडू?" राणीसाहेब बोलिल्या, "जोडूच नका." महाराज सिंहमुख आठावर नेते जाहले आणि उद्गारले, "वाहवा! आता कसे गार वाटते!" पंखा राणीसाहेबांच्या चारावर फिरत होता.

येणेप्रमाणे उभय राज्यी सलोखा जाहला, बॅटरी दुप्पट टिकली, आणि महाराज आपणच वाऱ्याचे धनी ऐसे मानोन सुखाने घोरू लागले. ही हकीकत महाराजांनी वाचावयास मागितल्यास शेवटले पान वाळवीने खाल्ले ऐसे सांगावे.