लिनकाकांचे सहा बाक

आमचे लिनकाका बाक दिसला म्हणून लगेच बसत नाहीत. आधी खिशातून घडीची लाकडी मोजपट्टी काढतात, उंची घेतात, रुंदी घेतात, पाठीचा कल घेतात, वहीत टिपतात, ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, असं स्वतःलाच सांगतात आणि मग टेकतात. तोवर मी बसून, कंटाळून, उठलेला असतो.

जर्मनीत, हॅनोव्हरमधल्या आमच्या यंत्रांच्या कंपनीत ते तपासणी विभागात होते, शेजारच्याच टेबलावर. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, चीनमधल्या डोंगरातल्या एका खेड्यातले. ऑफिसात ते ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, लिन. पण एकदा आमच्याकडे पोहे खायला आले, “उत्तम! फक्त प्रत्येक बशीत दाणे सारखे नाहीत,” असा शेरा मारून गेले, आणि बायकोने त्यांचे काका करून टाकले.

रविवारी आम्ही दोघं आसपासच्या खेड्यांतून भटकायचो. मी हवा खायला, ते मापं घ्यायला. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. फोटो अजून धुऊन आणावे लागत. काका बसथांब्यांचे, सूचनाफलकांचे, बाकांचे फोटो काढत आणि प्रत्येकाच्या मागे लांबी, रुंदी, उंची लिहीत. एकदा ते एका बाकाखाली उताणे पडलेले असताना समोरच्या घरातून एक आजीबाई तरातरा आल्या. मला वाटलं, आता पोलीस येणार.

“आला एकदाचा माणूस!” आजीबाई कडाडल्या. “तीन वर्षं नगरपालिकेला लिहितेय, ही फळी हलते म्हणून!”

काकांनी “गेनाऊ” म्हणत तक्रार वहीत नोंदवून घेतली. पुढच्या रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाऊन फळी घट्टही केली. आजीबाईंनी केक दिला. तो मी खाल्ला.

हा सगळा खटाटोप काकांच्या चीनमधल्या गावासाठी होता. त्यांच्या गावातली तरुण मंडळी शहरांतल्या कारखान्यांत गेलेली, मागे उरलेली म्हातारी माणसं आपापल्या घरात टीव्हीसमोर एकेकटी. मग बाहेर जाऊन मोठ्या झालेल्या सगळ्यांना गावच्या प्रमुखाने पत्रं धाडली, की आता गावासाठी काहीतरी करा. चपलांच्या एका कारखानदाराने रस्ता केला. एका डॉक्टरने दवाखाना काढला. लिनकाका तर जर्मनीत. म्हणजे सगळ्यांत मोठे, हे गावाने परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

“हेर सबनीस, माझ्याकडे कारखाना नाही,” ते मला कॅन्टीनमध्ये म्हणाले. “माझ्याकडे फक्त अचूकपणा आहे.”

गावात कापराचं एक जुनं झाड आहे. त्याखाली सहा दगडी बाक करायचे. माणसं घराबाहेर येऊन एकत्र बसली तर गाव उरेल, नाहीतर थोड्या वर्षांत घराघराला कुलूप, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांच्या मापांतून त्यांनी सर्वोत्तम बाक निवडला, सुरेख नकाशा काढून पाठवला. पाथरवटाने मिलिमीटरही इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

काही महिन्यांनी गावाहून पाकीट आलं. दुपारी काकांनी माझ्यापुढे फोटो सरकवला. झाडाखाली सहा देखणे बाक. पाच बाकांवर मोहरीचा पाला वाळत घातलेला. म्हातारी मंडळी शेजारी, घरून आणलेल्या बुटक्या बांबूच्या स्टुलांवर, गप्पांत रंगलेली. सहाव्या बाकावर निळ्या कोटातली एक एवढीशी म्हातारी, एकटीच, ताठ बसलेली. तिचे पाय अधांतरी लोंबत होते.

मला हसू आवरेना. काकांनी जर्मन तंगड्यांचं माप धाडलं होतं! पाथरवटाला शंका आली होती म्हणे, पण जर्मनीहून आलेल्या नकाशाला नावं कोण ठेवणार?

“अहो, पण मंडळी बाहेर आली की!” मी म्हणालो. “पाला उलटायला येतात आणि गप्पा मारत बसतात. जमलं तुमचं.”

ते गेनाऊ म्हणाले नाहीत.

“ही माझी आई,” ते म्हणाले. “सगळे तिला स्टूल देतात. ती घेत नाही. म्हणते, माझ्या मुलाने मोजून केलाय.” मग बराच वेळ मोजपट्टी उघडत-मिटत राहिले. “सात वर्षं झाली तिला बघून. इथल्या सगळ्या बाकांची उंची मला पाठ आहे. आईचे पाय केवढे, ते आठवत नाही.”

हसल्याची मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पाथरवटाला फोन करा ना. तो माप घेईल.”

“माप मी घेणार,” काका म्हणाले.

तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी कधी न घेतलेल्या माणसाने चार आठवड्यांची रजा टाकली. त्यांची तब्येत बरी आहे ना, असं मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरी पाकीट आलं. फोटोत पाच बाकांवर पाला होता तसाच. सहाव्यापुढे दगडाची एक पायरी बसवलेली, तिच्यावर आईचे कापडी बूट शेजारी शेजारी. आणि बाजूला बुटक्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला लावून, आमचे लिनकाका.

मी सवयीने फोटो उलटला. लांबी नाही, रुंदी नाही, उंची नाही. एवढंच लिहिलं होतं, “पाय टेकले.”