दत्तू हवालदाराचा पहारा

दत्तू हवालदाराबद्दल लिहायचे मी कित्येक वर्षे टाळले. पलटणीतल्या कुणी विषय काढला की त्याच्या गमती सांगायचो, सगळे हसायचे, आणि मी पुढचे गिळून टाकायचो. आज पुढचेही सांगणार आहे. पण गमती आधी, कारण त्यांच्याशिवाय दत्तू कळायचा नाही.

मेढ्याला त्याच्या घरी ओळख पटवल्याशिवाय कुणाला प्रवेश नव्हता. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी त्याच्या अंगातला पहारेकरी काही निवृत्त झाला नाही. दिवाळीला आलेल्या सख्ख्या जावयाला त्याने पिशव्यांसकट पायरीवर उभे केले होते.

"लग्नात तुमच्या बुटांचं काय झालं हुतं?"

"मेव्हणीनं लपवले होते, मामा."

"ते समद्यांच्याच लग्नात हुतंय. दुसरं सांगा."

आतून त्याची बायको ओरडली, "आवं, घ्या की आत त्यास्नी! च्या गार हुतोय!" त्यावर हा म्हणाला, "ह्यो आवाज तरी तुझाच कशावरनं?"

फोनवर तर विचारूच नका. बँकेतून बोलतेय म्हणणाऱ्या बाईला त्याने विचारले, "आमच्या शाखेच्या दारात चपला शिवायला कोन बसतो, सांगा बरं." बाईने फोन ठेवला. पुण्याच्या नातवाला दर वेळी नवा प्रश्न असे. "ल्हानपनी कशाला भ्यायचास?" "बेडकाला, आजोबा." "हां, बोल आता."

आम्ही त्याला चक्रम म्हणायचो. त्या प्रश्नांसाठी माणसाची केवढी माहिती मनात जपावी लागते, हे मला फार उशिरा कळले. कोण कशाला भितो, कुणाला काय आवडते, कोण कधी रडला, सगळे त्याच्यापाशी होते.

मी त्या पलटणीचा सुभेदार. निवृत्तीनंतर साताऱ्यात राहतो. मोबाइलवर आमचा एक ग्रुप होता आणि ॲडमिन अर्थातच मी. मुलाच्या नादाने मी थोडे क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरचे आभासी पैसे, घेतले, भाव चढला, आणि मी ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ त्याचे आकडे टाकू लागलो. माझे बघून कवठे महांकाळच्या सर्जेरावाने पैसे घातले. त्याची मुलगी दातांची डॉक्टर झाली होती. तिच्या दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवला होता आणि पैसे तोवर वाढतील अशी त्याची आशा होती.

अशा पैशांचे मोबाइलमध्ये एक पाकीट असते आणि त्याची किल्ली म्हणजे बारा गुप्त शब्द. ते ज्याच्या हाती, त्याचे पाकीट.

एक दिवस कुणीतरी माझे नाव आणि माझा फेट्यातला फोटो लावून ग्रुपमधल्या माणसांना वेगवेगळे गाठू लागले. 'मी तुमचा सुभेदार. नवे कॉइन आले आहे, फक्त आपल्या माणसांसाठी. बारा शब्द पाठवा, बाकीचे मी बघतो.' हे मला माहीतही नव्हते. दुसऱ्या कुणी असे मागितले असते तर शिव्याच खाल्ल्या असत्या. पण मागणारा सुभेदार होता, आणि साहेबाला 'का' म्हणून विचारायचे नाही हे आमच्या हाडात मुरलेले.

'का' विचारायची मुभा फक्त पहाऱ्यावरच्या माणसाला. तो कर्नललाही अडवू शकतो. दत्तू म्हणायचा, "परवलीचा शब्द साहेबाला सांगायचा नसतो. साहेबानं त्यो आपल्याला सांगायचा असतो."

त्याने त्या खोट्या सुभेदारालाही अडवले. आणि दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, ग्रुपवर लिहिले: 'हुशार! खोटा सुभेदार फिरतोय. शब्द कुणी देऊ नका. त्याला विचारलं, लडाखला तुम्ही कशासाठी रडला होता? म्हणतो, मित्रासाठी. आपले साहेब तर लाडवाचा डबा दरीत पडला म्हणून रडले होते.'

खरे होते ते. आईने दिलेला डबा होता. मी तेव्हा कोवळा शिपाई होतो, आणि दत्तूने ती गोष्ट इतकी वर्षे कुणालाच सांगितली नव्हती. पण ती वाचताना माझे कान तापले. पुढचे सगळे विसरून मला तेवढा लाडवाचा डबाच दिसला. कुणी बघायच्या आत मी तो मजकूर सगळ्यांच्या मोबाइलमधून पुसला आणि दत्तूला ग्रुपमधून काढले.

त्याच संध्याकाळी सर्जेरावाने बारा शब्द दिले. पाकीट रिकामे झाले. गाळा दुसऱ्याने घेतला. मुलगी अजून सांगलीत परक्याच्या दवाखान्यात नोकरी करते.

पलटणीच्या पुढच्या मेळाव्याला आम्ही माधवनगरच्या एका हॉलमध्ये जमलो. दत्तू म्हणाला, "मी लिवलं हुतं ग्रुपवर."

"कुठं रं? दाखीव की," एकजण म्हणाला.

"आता सुचतंय व्हय गड्या तुला?" दुसऱ्याने टोमणा मारला.

दत्तूने एकदाच माझ्याकडे पाहिले. पुसणारा कोण हे त्याला पक्के ठाऊक होते. मी म्हणालो, "जाऊ द्या रे. त्याची सवयच आहे."

सगळे हसले. दत्तू माझे नाव न घेता पानावर जाऊन बसला. त्याच्या शेजारची दोन्ही पाने शेवटपर्यंत रिकामी राहिली. नंतर तो कुठल्याच मेळाव्याला आला नाही.

गेल्या थंडीत तो वारला. त्यानंतर मी सर्जेरावाकडे गेलो, खरे काय ते सांगायचेच असे ठरवून. पण आधी तोच बोलू लागला.

"दत्तू लय यायचा, साहेब. मेढ्यासनं दोन यष्ट्या बदलून. सांगलीला सायबर पोलिसांत माझ्यासंगं बसून ऱ्हायचा. एकदा मीच त्याला नको नको ते बोललो. म्हनलं, तुला ठावं हुतं तर बोंबलत का न्हाई आलास रं?"

"मग?"

"मान खाली घातली. म्हनला, चुकलं गड्या. नुसतं लिवून भागत न्हाई, त्याच दिशी यष्टी धरून यायला पायजे हुतं." सर्जेरावाने डोळे पुसले. "म्या माफ केलं त्याला. त्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं आसंल."

वहिनींनी चहा आणला. मी कप हातात धरून बसलो. "चांगला माणूस होता," एवढेच माझ्या तोंडून निघाले. सर्जेराव मला स्टँडपर्यंत पोचवायला आला, गाडी हलेस्तोवर खिडकीखाली उभा राहिला, आणि मी त्याच्याशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत राहिलो.

सर्जेराव, ज्याला तू माफ केलेस त्याची चूक नव्हती. त्याने वेळेवर सांगितले होते. पुसले मी.