कवटीचा डबा

पोटकलमने बिस्किटांच्या डब्यावर कवटीचं लेबल चिकटवलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि डबा गोदामाच्या मांडणीवर, विषारी पिंपांच्या शेजारी सरकवून दिला. आता डब्याला हात लावायची मुकादमाची काय बिशाद!

पोटकलम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. परदेशातून येणारी जहाल कीटकनाशकं कस्टममधून सोडवून आणणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि त्याचे नियम त्याला इतके पाठ की कुणी एखादं कलम सांगितलं की हा लगेच त्याखालचं पोटकलम ऐकवायचा. न विचारता. नाव पडायला एवढं पुरे झालं.

डबा बायकोचा होता. वर्षभर ओव्हनपुढे घाम गाळून, असंख्य बिस्किटं करपवून, शेवटी तिला हवं तसं बिस्कीट जमलं होतं. गोदामासमोरच्या दुकानाचा मालक आज संध्याकाळी ते चाखून बघणार होता. त्याला पटलं तर रोजचा माल तिचा. नाही पटलं तर ओव्हन विकून टाकायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. "संध्याकाळी मी येतेच. तोवर हात लावाल तर खबरदार," ती सकाळी म्हणाली होती. "आणि त्या मुकादमाला वाससुद्धा लागू देऊ नका हो. मागच्या वेळी त्याने चव बघतो म्हणून अख्खी थाळी संपवली."

म्हणून हे लेबल. पोटकलम स्वतःच्या हुशारीवर खूश होता. ही खुशी दुपारपर्यंत टिकली.

दुपारी कस्टमच्या नव्या मॅडम अचानक तपासणीला आल्या. त्यांनी एकेक पिंप कागदांशी ताडून पाहिलं आणि मांडणीपाशी थांबल्या.

"हे काय आहे?"

"बिस्किटं आहेत, मॅडम," पोटकलम हसत म्हणाला.

"लेबल तर प्राणघातक म्हणतंय."

"ते मीच लावलंय. मुकादमासाठी."

मुकादमाने दचकून पोटकलमकडे पाहिलं. मॅडमनी पोटकलमकडे त्याहून वाईट नजरेने पाहिलं.

"मुकादमाला मारायला?"

"नाही हो! लांब ठेवायला. थांबा, लेबल काढून दाखवतो."

"हात लावू नका! धोक्याचं लेबल काढायचं नसतं. आयात परवाना कुठाय? नोंदणी? सुरक्षेचं माहितीपत्रक?"

"मॅडम, हे घरी केलंय."

"घरी!" मॅडमचा आवाज चढला. "विनापरवाना उत्पादन! डबा जप्त. नमुना प्रयोगशाळेत जाईल, महिन्याभरात अहवाल येईल."

पोटकलमच्या तोंडचं पाणी पळालं. महिन्याभराने बिस्किटं सादळणार, आणि बायको तर त्याआधीच कडकडणार. पण नियमांनी दगा दिला तरी शेवटी नियमच कामाला येतात, यावर त्याची श्रद्धा होती. "मॅडम, उत्पादक स्वतः हजर राहिला तर तपासणी जागेवरही करता येते. पंचांसमक्ष. तसं पोटकलमच आहे."

मॅडमनी तो नियम मोबाइलवर शोधला. होता. "बोलवा उत्पादकाला," त्या म्हणाल्या.

बायको आली ती पदराला मैदा तसाच घेऊन. नवऱ्याकडे एकदाच बघून तिने बाकीचं घरी गेल्यावर बोलायचं ठरवलं. मॅडम कोरं माहितीपत्रक घेऊन बसल्या.

"घटक?"

"मैदा, लोणी, साखर आणि अजून एक वस्तू."

"कोणती?"

"ती नाही सांगायची. ह्यांनाही सांगितलेली नाही."

"बरं. डोळ्यांत गेल्यास?"

"डोळ्यांत कशाला जाईल? तोंड असताना?"

"पोटात गेल्यास काय करावं?"

"अजून एक घ्यावं," बायको म्हणाली.

मॅडमचं पेन थबकलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. "चौथी वस्तू कळल्याशिवाय डबा उघडता येणार नाही."

"उत्पादकाचं गुपित असेल तर फक्त अधिकाऱ्याच्या कानात सांगता येतं," पोटकलमला राहवलं नाही.

बायको वाकली आणि मॅडमच्या कानात कुजबुजली. मॅडमनी डोळे मोठे केले. "खरंच? आणि लागतं चांगलं?"

"चाखून बघा ना."

हातमोजे चढले, मास्क बांधले गेले, डबा उघडला. गोदामातला औषधांचा उग्र वास क्षणभर मागे हटला आणि खमंग दरवळ सुटला. मुकादम न सांगताच पंच झाला. मॅडम वरचं एक बिस्कीट उचलणार, तेवढ्यात पोटकलमची जीभ पुन्हा वळवळली. "नमुना नुसता वरून नाही घेत, मॅडम. तिन्ही थरांतून घ्यायचा. आणि शिवाय तीन पाकिटं सील करायची. एक प्रयोगशाळेला, एक तुमच्या ऑफिसला, एक ज्याचा माल त्या मालकाला."

"अहो, गप्प बसा ना!" बायको कळवळली.

पण नियम तो नियम. वरचा थर मॅडमनी तपासला. मधला पंचांनी तपासला, आणि मुकादमाची खात्री पटता पटेना. तळातून पाकिटं भरली. डबा रिकामा झाला.

"निर्धोक," मॅडम बोटं पुसत म्हणाल्या. "प्रयोगशाळेला काही पाठवायला नको. ती दोन्ही पाकिटं ऑफिसातच राहतील."

बायको रिकाम्या डब्याकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच पोटकलमला एकही नियम आठवेना. तो नुसताच तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"रडता काय?" मॅडम म्हणाल्या. "मालकाचं पाकीट तुमचंच आहे की."

"पण सील आहे त्याला," पोटकलम पुटपुटला. "अधिकाऱ्यासमोरच फोडता येतं."

"मग चला. कुठाय ते दुकान?"

दुकानदाराने आजवर पुष्कळ बिस्किटं चाखली होती. पण सील ठोकलेलं पाकीट गणवेशातल्या कस्टमच्या बाई समोर उभ्या राहून फोडताहेत, आणि मागे मुकादम मिशीतला चुरा झटकतोय, असं कधी घडलं नव्हतं. त्याने घाबरतच एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा, न घाबरता. मग पाकीट स्वतःकडे ओढून घेतलं.

"उद्यापासून रोज आणा," तो म्हणाला.

"माझाही एक डबा," मॅडम म्हणाल्या. "लेबल नको."

बायको इतकी हसली की पोटकलमला सगळं माफ झालं, असं त्याला वाटलं. ती संधी साधून त्याने हळूच मॅडमना विचारलं, "ती चौथी वस्तू कोणती हो?"

"गोपनीय आहे. उत्पादकाकडे रीतसर अर्ज करा."

त्याने केलाही, त्याच दिवशी घरी, स्वच्छ अक्षरात. बायकोने तो वाचला आणि खाली शेरा मारून परत दिला: 'योग्य ते पोटकलम नमूद नाही. अर्ज नामंजूर.'