गुणवंतभाऊंचं शिकागो

आमच्या शेजारचे गुणवंतभाऊ रोज संध्याकाळी साडेसातला देशमुखांच्या आवारात शिरतात. देशमुखांशी त्यांचं काही काम नसतं. कानाला फोन लावलेला असतो, तसेच ते तुळशीला वळसा घालतात आणि आले तसे बाहेर पडतात. देशमुखांकडे नवे भाडेकरू आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते पोलिसांत जायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "घाबरू नका. शिकागोत तिथं डावीकडं वळावं लागतं."

भाऊंची मुलगी वैशाली शिकागोला असते. सकाळी आठला ती घरून निघते आणि नऊ मिनिटं चालत स्टेशन गाठते. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. भाऊ फोन लावतात आणि तिच्याबरोबर अमरावतीत चालू लागतात. ती डावीकडे वळली की भाऊही डावीकडे. आता आमची कॉलनी काही शिकागोच्या बेताने आखलेली नाही, त्यामुळे मध्ये देशमुख येतात. उन्हाळ्यात तिथले लोक घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणजे भाऊंची फेरी साडेसहाला निघते. त्या वेळी देशमुखांकडे चहा असतो.

"घड्याळ फिरवनं चांगली गोष्ट हाय," भाऊ म्हणतात. "आपल्या सरकारनं पन विचार कराले पायजे."

भाऊ एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. बावीस वर्षं अकोल्याच्या स्टँडवर, शेवटची काही वर्षं अमरावतीला. म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसायचं, माइकवरून गाड्या पुकारायच्या, आणि वरूडची गाडी कुठं लागते हे दिवसातून शंभर माणसांना सांगायचं. दुनियेला रस्ता सांगितला. स्वतः मात्र खिडकीतच. शांतावहिनींना याचा राग आहे.

"याईनं मले आजवर चिखलदऱ्याले नाही नेलं," त्या सांगतात. "अन् शिकागोतला कोनता पूल जहाजासाठी कवा उचलते, ते रोज जेवताना सांगून राह्यले."

ते मात्र खरं आहे. कुणी चांदूर बाजारला निघालेला दिसला, तरी भाऊ त्याला फाटकाशी अडवतात. "शिकागोले गेला त तलावाकडच्या बाजूनं एकशे एक्कावन्न नंबरची बस धरजो. खिडकी उजव्या हाताची घेजो, बाप्पा." तो बिचारा हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत हो हो म्हणतो. चांदूर बाजारला खिडकी कोणत्याही हाताची मिळाली तरी पुष्कळ.

हे ज्ञानच भाऊंच्या आड आलं. व्हिसासाठी ते मुंबईला गेले. खिडकीतल्या साहेबाने साधं विचारलं, "तिथं जाऊन काय करणार?" दुसरा कुणी म्हणाला असता, मुलीला भेटणार. पण आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला उभा होता. सवयीनं त्यांनी साहेबालाच रस्ता सांगितला. कुठली लाइन, कुठं बदलायची, कोणत्या जिन्यानं उतरलं की वारा कमी लागतो, सगळं. साहेबाने विचारलं, "याआधी किती वेळा गेलात?" भाऊ म्हणाले, "एकबी डाव नाही."

साहेबाने पासपोर्ट परत केला. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. या वेळी वहिनींनी बजावलं होतं, तोंड उघडू नका. भाऊंनी इतकं तोंड मिटलं, की ते काही लपवताहेत असं वाटून पासपोर्ट पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा काही ते गेले नाहीत. "त्याईची खिडकी हाय," एवढंच म्हणाले.

अशात माझं जायचं ठरलं. मी इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. नोव्हेंबरात शिकागोला एक परिषद होती आणि माझा निबंध तिथं चुकून निवडला गेला. (ऐकायला सात जण होते. त्यांतला एक माइकवाला.) बातमी कळताच भाऊ वहीचा कागद घेऊन आले. वर लिहिलं होतं, "शिकागोत करावयाच्या गोष्टी".

मला वाटलं, उंच टॉवर असेल, ते चकचकीत स्टीलचं घेवड्याच्या बीसारखं शिल्प असेल. तसलं काहीच नव्हतं. "थे सगळं फोटोत दिसते, मास्तर," भाऊ म्हणाले. कागदावर होतं ते असं: स्टेशनच्या जिन्याच्या पायऱ्या मोजणे. कठडा कोणत्या हाताला आहे पाहणे. फलाटावर थंडीसाठी डोक्यावर तापणारा दिवा असतो, तो बटण दाबल्यावर खरोखर लागतो की नुसतंच बटण आहे, ते पाहणे. आणि शेवटी, तलावाचं पाणी चाखणे.

"चाखायचं?"

"मायं गाव खारपानपट्ट्यातलं," भाऊ म्हणाले. "आमच्या विहिरीचं पानी ढोरं पन वास घेऊन सोडत. अन् पोरगी म्हनते, तिथं समुद्रावानी पानी हाय, पल्याडचा काठ दिसत नाही, अन् सारं गोड. मले नाही पटत. तू पाहून ये."

एस.टी.ची नवी फेरी सुरू करायची असली की आधी एक माणूस रस्ता पाहून येतो. पूल कसा आहे, फांद्या किती खाली आल्या आहेत, गाडी कुठं वळेल. भाऊ मला तसं पाठवत होते, हे मला विमानात बसल्यावर कळलं.

परिषदेतून पळ काढून मी एका दुपारी त्या स्टेशनावर गेलो. पायऱ्या एकतीस. कठडा दोन्ही हातांना. दिवा लागतो, त्याच्याखाली उभा राहून मी डोक्याचा मागचा भाग चांगला शेकून घेतला. मग तलाव. समोर पाणी, पाणी आणि पाणी. मी काठावर ओणवा झालो, ओंजळीत घेतलं आणि चाखलं. गोड. शेजारच्या बाईनं आपल्या कुत्र्याचा पट्टा आखडला आणि ती लांबून गेली.

शुक्रवारी मी वैशालीकडे मुक्कामाला गेलो. तिनं त्याच स्टेशनापासून गाडीनं नेलं. पाऊण तास झाला तरी घर येईना. स्टेशनापासून नऊ मिनिटांवरचं घर इतकं लांब कसं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर ती "थंडी आहे नाही?" म्हणत होती.

सोमवारी सकाळी आठला ती स्वयंपाकघरात चहा करत होती. पायांत चपला, अंगावर गाऊन. फोन वाजला. तिनं बोटानं मला गप्प राहायला सांगितलं.

"हो बाबा, निघाली मी."

"स्वेटर घातला का?"

"घातला. आता डावीकडं वळून राहिली." आणि तिनं आलं किसायला घेतलं.

अमरावतीत देशमुखांचं फाटक वाजल्याचं मला इथं ऐकू आलं.

मधेच ती झेपावली आणि तिनं कुकरखालचा गॅस बंद केला. शिट्टी व्हायच्या बेतात होती. पुढे फूलवाल्याचं दुकान आलं, एक म्हातारा कुत्र्याला फिरवत आला, स्टेशन आलं. "जिना चढते बाबा, ठेवते." मग ती माझ्याकडे न बघता चहा गाळत बसली.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "घर बदललं, कामही घरूनच असतं. सांगणार होते. पण बाबांची शुगर वाढलेली, आणि डॉक्टर म्हणाले चालणं बंद करू नका. मी चालायची थांबले तर तेही थांबतील. तुम्ही सांगू नका."

दिवसभर त्या घरात तिच्याशी बोलायला कोण असतं, हे मी विचारलं नाही. बाहेर पानं गेलेली झाडं होती आणि एकही माणूस नव्हता.

परतलो त्याच संध्याकाळी भाऊंनी मला फाटकावरच धरलं. पायऱ्या सांगितल्या, कठडा सांगितला, दिवा सांगितला. पाणी गोड आहे म्हटल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू अजून माझ्या ओठांना लागलं असेल. मग हळूच म्हणाले, "अन् नवं घर कसं हाय तिचं?"

मी खोकलो. मला खोटं बोलता येत नाही. घरात याचे पुरावे आहेत.

"मास्तर, आवाजावरून कोनती गाडी लागली ते सांगत होतो मी. फोनवर स्टेशनातली गाडी वाजनं बंद झालं, अन् मंग कुकरची शिट्टी आयकू आली, त्याले वर्स झालं. शिकागोच्या रस्त्यावर कुकर कोन लावते?"

"मग हे चालणं? आणि तो कागद कशाला दिलात?"

"कागद माह्यासाठी होता. इतके दिवस ज्या रस्त्यानं चाललो, थो कसा हाय ते तरी मालूम पडावं." भाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पोरगी खरोखर चाले तवा घाईत राहे. हो बाबा, हो बाबा. आता थे थांबून थांबून चालते. फूलवाला सांगते, कुत्रं सांगते. घरात एकटीच असते ना दिवसभर. मी म्हटलं की मले मालूम हाय, त मंग काय बोलंन?"

साडेसात झाले. त्यांनी फोन लावला आणि चालायला लागले, मीही बरोबर. स्वेटर झाला, देशमुख झाले, फूलवाला झाला. कोपऱ्यावरच्या नाल्याच्या पुलियापाशी वैशालीचा आवाज आला, "स्टेशन आलं बाबा. ठेवते."

भाऊ पुलियाच्या कठड्यावर बसले. पाय लांब केले.

"काहून ठेवतं? गाडी लेट हाय आज," ते म्हणाले. "बस जराशी. बोल."

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.