स्वानंदचा गाल अन् दसऱ्याचं ब्लेड

माणसाचा गाल लाल झाला का तो त्याचा राहात नाही, सार्वजनिक होते. आमच्या स्वानंदचंच आयका नं, माह्या चुलतभावाचं.

रविवारी कळंबले पोरगी पाहाचा कार्यक्रम होता. तीन ठिकाणाहून नकार आलता, ही चौथी, केतकी. हिचा फोटो गड्यानं पाकिटात ठेवलता. म्हणून शनिवारी केसाच्या उलटं घासघासून दाढी केली. अर्ध्या तासात गाल फोडलेल्या डाळिंबावानी, अन् आग अशी का पाणी लावू देईना.

लगेच बैठक बसली. अध्यक्ष त्याचे बाबा, वामनकाका, पंचायत समितीतून निवृत्त. ठराव पयला अन् शेवटचा: जे लावाचं ते नैसर्गिकच. शीलाकाकूनं कोरफड आणली (ज्या कुंडीत काका चूळ भरते, तिच्यातलीच). शेजारच्या रामरावनं तुरटी घासली. अनघावहिनीनं हळद-दही थापलं. दूधवाला भावसिंग दारातूनच कडूनिंब सुचवून गेला. एकूण अकरा उपाय आले, नऊ लागू झाले, दोन राखीव (शेण अन् राख). घरातल्या शंभर टक्के लोकायले आराम पडला. गाल तेवढा बाकी राह्यला.

कळंबले पोचलो तवा गाल पिवळा, कडेनं हिरवा, मधात लाल. केतकीनं पोहे ठेवले, पाह्यलं, अन् हळूच विचारलं, "ब्लेड कधी बदललं होतं?"

मंग काकाच बोलले, "दसऱ्याले. आमच्यात पूजेतच बदलते." (विळा, पाना, रेझर, सगळ्यायले एकाच दिवशी कुंकू. आता वैशाख चालू हाये.)

"मंग नवं ब्लेड घ्या, कोमट पाणी लावा, केसाच्या दिशेनं फिरवा. अन् चार दिवस बाकी काही लावू नका."

स्वानंद दोन दिवसात पयल्यांदा हसला. दुखत होतं तरी हसला.

वापस येताना गाडीत ठराव झाला: पोरगी लय चौकस हाये, नकार कळवा. हरकत असल्यास आत्ताच सांगा, असं काकानं रीतसर विचारलं बी. स्वानंद काही बोलला नाही. काकूनं कळंबहून निघता निघता मुलतानी माती लावून देलती, ती वाळून राह्यली होती, तोंड हाललं असतं तं तडकली असती.

फोटो अजून पाकिटातच हाये.

अन् तुम्ही कायले हसून राह्यले बे? मी 'गाल लाल' म्हटलं तवाच तुमच्या मनात खोबऱ्याचं तेल येऊन गेलतं. ब्लेडचं एकानंही विचारलं नाही.