पाणपोईतले बहगतमामा

बहगतमामांना पाण्यात बुडवण्यापूर्वी शाहिंदाने त्यांना एकच सूचना दिली होती : बोलायचं नाही. काचेच्या टाकीत पाणी हनुवटीला टेकलं तरी मामा दुमियात बंदरातल्या मासळीबद्दल सांगतच होते. डोकं पाण्याखाली गेलं तेव्हा ते थांबले. चित्रफीत तिथूनच सुरू होते.

मामा टाकीत उतरले ते एका अटीवर. लोणचीवाल्या इन्साफकडे भाचीने त्यांच्यासाठी लग्नाचा शब्द टाकायचा. शाहिंदाने तो टाकलाही. विधवा इन्साफ बरणीत लिंबं दाबत म्हणाली होती, "माणूस सोन्यासारखा आहे गं, पण तोंड मिटत नाही त्याचं. ईदनंतर सांगते."

शाहिंदाने आपल्या कलाप्रदर्शनासाठी ती चित्रफीत इतकी संथ केली की मामांचा एक रोखलेला श्वास दुपारभर पुरावा. मिटलेले डोळे, तरंगणाऱ्या मिशा, आणि ओठांच्या कोपऱ्यातून सुटलेला एक बुडबुडा, ज्याला वर जायची मुळीच घाई नव्हती. माणूस पाण्यातून येतो आणि पाण्यात विरतो, असं काहीसं तिला म्हणायचं होतं. जागाही मनासारखी मिळाली : गल्लीच्या तोंडाशी कित्येक वर्षं बंद पडलेली दगडी पाणपोई. पितळी जाळीआडच्या अंधारात तिने पडदा लावला. पाण्याचा आवाज हवा म्हणून जाळीखाली बारीक धार सोडली आणि शोभेला साखळीचे पेले ठेवले.

चूक झाली ती इथेच. मेलेल्या माणसाच्या नावाने रस्त्यात पाणी ठेवणाऱ्या कैरोत तिने मिटल्या डोळ्यांचा एक चेहरा लावला होता आणि त्याच्याखाली पाणी ठेवलं होतं.

कॉफीवाले सबाई पहिले आले. पाणी प्यायले, चेहरा पाहिला आणि तळहात उघडून मृतासाठीचा फातिहा पुटपुटले. मग स्टुलावर चढून वायर जोडणाऱ्या शाहिंदाला म्हणाले, "उरलेलं आयुष्य तुला लाभो, पोरी."

"तुम्हालाही लाभो, काका," शाहिंदा म्हणाली. लहानपणापासून हजार दुखवट्यांत दिलेलं उत्तर. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मगच तिच्या ध्यानात आलं.

ती स्टुलावरून उतरून धावली. "काका, थांबा! मामा जिवंत आहेत!"

"आहेच गं. आपल्या मनात तो कायम जिवंत राहणार."

"तसं नव्हे! दुमियातला गेलेत, बहिणीकडे!"

"तिथे झालं होय? समुद्रात?"

"थांबा, फोनच लावते." तिने लावला. पण मामा टाकीत उतरले तेव्हा फोन त्यांच्या खिशातच होता. संपर्क होऊ शकत नाही, असं पलीकडची बाई शांतपणे सांगत राहिली. सबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि डोळे पुसले.

दुपारी कॉफीखान्यातली गाणी थांबून कुराणपठण सुरू झालं. पाणपोईसमोर खुर्च्यांच्या रांगा लागल्या. दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरू लागली. शाहिंदा प्रत्येकाला खरं सांगत होती आणि प्रत्येक जण तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता. शेवटी ती गप्प झाली. खरं तर तिच्या कामासमोर इतकी शांत माणसं आजवर कधी बसली नव्हती. गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी झाली होती. माणसं हळू पापण्या मिटत होती, आणि तो बुडबुडा वर सरकत होता.

बहगतमामा परतले ते दुमियातच्या मुशब्बकचा, म्हणजे तिकडच्या जिलेबीचा, खोका घेऊन. दुखवटा दिसताच ते रीतीप्रमाणे मागच्या रांगेत टेकले. कोण गेलं हे विचारणं बरं दिसत नाही. त्यांनी कॉफी घेतली आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, "फार वय होतं का हो?"

"वय कसलं," शेजारी मान न वळवता म्हणाला, "बडबड फार होती."

"असतात एकेक," मामांनी उसासा टाकला.

तेवढ्यात पुढे इन्साफ उठली. जाळीशी जाऊन तिने पेला भरून घेतला. "ईदपर्यंत थांब म्हटलं, तेवढंही जमलं नाही तुला? हो म्हणणार होते रे मी. हे बघ, म्हणते. हो! ऐकतोयस ना?"

मामांनी आता कुठे पडद्याकडे नीट पाहिलं. ते ताडकन उठले. "ऐकतोय!"

खुर्च्या कोसळल्या. सबाईंच्या हातून तबक पडलं. इन्साफने वळून पाहिलं, ती किंचाळली आणि तिने हातातला पेला फेकला. साखळीने पेला मागे ओढला, पाणी मात्र मामांपर्यंत पोचलं.

"इन्साफ, त्याचं काय झालं माहितेय का, बस सुटायच्या आधी मी," मामांनी निथळत्या मिशांनी सुरुवात केली.

तिने हात वर केला. "मी हो म्हटलंय ते त्याला." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "त्याला गप्प बसता येतं."

मामांनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने डोळेही मिटले. जाळीच्या आत एक बहगत, बाहेर एक. दोघांच्या मिशा ओल्या, दोघांचा श्वास रोखलेला. गल्लीत कुणी हललं नाही. इन्साफ एकदा याच्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. बाहेरचा हळूहळू लाल होत चालला.

"श्वास घे," ती शेवटी म्हणाली. मग तिने त्यांच्या हातातला खोका काढून घेतला आणि सबाईंकडे वळली.

"नवी कॉफी ठेवा. साखर घालून."